वसई प्रांतीं उदीम वसविण्याचे जुने उपाय

१. प्रास्ताविक

वसईचें नांव निघालें कीं इतिहासाच्या वाचकास दोन गोष्टी प्रथम आठवतात. एक, शके १६६१ (सन १७३९) मधील चिमाजी आप्पाचा विजय. दुसरी, सन १८०२ च्या ३१ डिसेंबरीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं केलेला तह. पहिलीचा अभिमान वाटतो, दुसरीचा विषाद वाटतो. आणि या दोहोंच्या मागेंपुढें त्या खाडीकांठीं जो संसार शेंकडों वर्षें चालला, त्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. मोहिमेचे कागद पुष्कळ छापले गेले. मोर्चे कोठें लागले, सुरुंग केव्हां उडाले, माणूस किती पडलें, यांची चर्चा बरीच झाली. पण ज्या शहरासाठीं हें सर्व झालें त्यांत पेठ कोणत्या शब्दांवर वसली, व्यापारी आला तर कां आला आणि गेला तर कां गेला, हें क्वचितच विचारलें जातें.

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नव्हे. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोंवतालचीं गांवें मिळून सन २००९ च्या जुलैंत एक महानगरपालिका झाली. सन २०११ च्या खानेसुमारींत तिच्या हद्दीची वस्ती बारा लाखांवर भरली. सन २०१४ च्या ऑगस्टांत ठाणें जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला व वसई त्यांत गेली. एवढ्या शहराचा उद्योगधंदा कसा वाढवावा, याचा खल आज तेथें चालू आहे. हाच खल त्याच भूमीवर निदान दोन हजार वर्षें चालत आला असून त्याचे पुरावे दगडावर, तांब्यावर व कागदावर आहेत. ते एकत्र मांडावे, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. या प्रांतीं ज्या ज्या वेळीं उदीम वाढला, त्या त्या वेळीं राज्यकर्त्यानें तीन गोष्टी दिलेल्या आढळतात : येण्याजाण्याची वाट, जकातीची सूट, आणि जीविताचें, धर्माचें व दिलेल्या शब्दाचें अभय. पहिल्या दोहोंस खर्च लागतो. तिसरीस द्रव्य लागत नाहीं, तरी तीच सर्वांत दुर्मिळ. ती जेथें मिळाली नाहीं तेथून व्यापारी उठला. आणि त्यास फार लांब जावें लागलें नाहीं.

२. स्थळ

दक्षिणेस उल्हास नदीचें मुख म्हणजे वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारचा डोंगर, अशी या प्रांताची चतुःसीमा सांगतां येईल. या दोन खाड्यांच्या मध्यें सोपाऱ्यावरून जाणारी एक तिसरी खाडी होती. तिच्यामुळें वसईचा किनारपट्टा मूळचा बेटवजा होता. ती खाडी पुढें गाळानें भरली, आणि ज्या सोपाऱ्यास एके काळीं परदेशचीं जहाजें लागत, तें आज किनाऱ्यापासून आंत पडलें आहे. भरतीचें पाणी जसें सरकलें तसें व्यापाराचें ठाणें सोपाऱ्याहून अगाशी-वसईकडे सरकलें.

माल मात्र फारसा बदलला नाहीं. डोंगरांतील सागवान, खाजणांतील मीठ, किनाऱ्याची मासळी, बागाइतांतील ऊस, केळीं, नारळ व विड्याचीं पानें, आणि बांधकामाचा दगड, हें या भूमीचें भांडवल. अगाशीस जहाजें बांधण्याचें काम फिरंग्यांच्या आधींपासून चालत असे. लाकूड नदीच्या पाण्यानें खालीं यावें व बंदरावरच त्याचें गलबत व्हावें, अशी सोय थोड्याच ठिकाणीं असते. म्हणजे निसर्गानें दिलेलें पुरेसें होतें. राज्यकर्त्यानें काय दिलें, एवढेंच पाहावयाचें उरतें.

३. उषवदाताचा लेख

सोपारें ऊर्फ शूर्पारक याचें प्राचीनत्व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सन १८८२ मध्यें बुरूड राजाच्या कोटांतील स्तूप उकलून जगापुढें आणलें. त्याच सालीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा तेथें मिळाला. पुढें सन १९५६ मध्यें जवळच्या भुईगांवीं नवव्या शासनाचा तुकडा सांपडला. या शोधांचें महत्त्व सर्वांस माहीत आहे. आमच्या विषयास अधिक उपयोगी असा लेख मात्र सोपाऱ्यास नसून नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यांत आहे.

क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई, दीनीकाचा पुत्र उषवदात, यानें केलेल्या दानांची यादी त्यांत कोरली आहे. बहुतेक वाचक त्यांतील गाई, सुवर्ण व ब्राह्मणभोजनें पाहून पुढें जातात. पण त्याच यादींत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणीं त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्याचें लिहिलें आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचें लिहिलें आहे. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्याचेंही लिहिलें आहे.

आतां या नद्या नकाशावर पाहाव्या. पारदा ही पार नदी, दमणा ही दमणगंगा, दाहनुका ही डहाणूची. इबा व करबेणा या अंबिका व कावेरी होत असें पंडित मानतात. तापी तर स्पष्टच आहे. या सर्व नद्या भडोचेहून सोपाऱ्यास किनाऱ्याकिनाऱ्यानें येणाऱ्याच्या वाटेंत आडव्या येतात. एक नदी पुण्यासाठीं निवडली असती तर तो योगायोग म्हणतां आला असता. सहा नद्या निवडल्या, तेव्हां हा भडोच-सोपारें मार्ग बांधण्याचाच बेत होता असें म्हणणें प्राप्त आहे. दानधर्माच्या भाषेंत लिहिलेलें हें वाहतुकीचें काम आहे. बैलावर गोणी लादून निघालेल्या वाण्यास प्रत्येक नदीवर उतराई द्यावी लागली नाहीं, म्हणजे त्याचा माल तेवढा स्वस्त सोपाऱ्यास पोंचला.

त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखांत अभयाचा मासला आहे. उषवदातानें गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले : दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक व्याजानें, एक हजार दुसरीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, फक्त व्याज खावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें. लेण्यांतील वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावे असें लेख सांगतो. हिशेब अचूक जमतो. हा व्यवहार निगमसभेंत वाचून दाखविला व फलकवारांत, म्हणजे दप्तरखान्यांत, नोंदला, असेंही त्यांत आहे. राजाच्या जांवयानें कारागिरांच्या श्रेणीवर भरंवसा टाकला आणि तो भरंवसा चारचौघांत बोलून दप्तरीं चढविला. कोष्ट्यास भांडवल मिळालें, भिक्षूस वस्त्र मिळालें, आणि दोघांमध्यें लेख साक्षीस राहिला. पेढी या संस्थेचें बीज यापेक्षां अधिक कोठें शोधावयाचें?

याच सुमाराचें उलट उदाहरणही आहे. ग्रीक भाषेंतील ‘पेरिप्लस’ या नौकाप्रवासग्रंथांत भडोचेच्या दक्षिणेस सुप्पारा व कल्याण या पेठांचीं नांवें येतात. कल्याण हें पूर्वी रीतसर खुलें बंदर होतें, परंतु सत्ता पालटल्यावर तेथें चुकून येणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्याखालीं भडोचेस नेलीं जाऊं लागलीं, असें तो ग्रंथकार सांगतो. एका बंदराचा माल जबरीनें दुसऱ्या बंदरास वळविण्याचा हा प्रकार. ज्याच्या ताब्यांत भडोच होतें त्यास कल्याण चालावयास नको होतें. बंदर गाळानें मरतें तसें हुकुमानेंही मरतें.

४. शिलाहारांचा ताम्रपट

पुढील पुरावा हजार वर्षांनंतरचा आहे. उत्तर कोंकणचा शिलाहार महामंडलेश्वर अनंतदेव याचा शके १०१६ (सन १०९४) चा ताम्रपट खारेपाटण येथें मिळाला व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ मासिकांत प्रसिद्ध केला. बलिपत्तनचे भाभण श्रेष्ठी व त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांचा माल स्थानक, नागपुर, शूर्पारक, चेमुली इत्यादि बंदरांत आल्यास त्यावरील शुल्क माफ केलें आहे, असा त्याचा आशय. शूर्पारक अकराव्या शतकाच्या अखेरीसही ठाणें व चौल यांच्या पंक्तीस बसणारें बंदर होतें, हें यावरून निर्विवाद ठरतें.

परंतु या पटाचा अर्थ करतांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे दोघे श्रेष्ठी नुसते व्यापारी नव्हेत. ते राजाचे मंत्रीही होते. म्हणजे ही सूट उदमी वर्गास नसून दोन कृपापात्र घराण्यांस आहे. सर्वांस सारखी सूट दिली तर पेठ वाढते. दोघांसच दिली तर बाकीच्यांची पेठ मोडते, कारण त्यांच्या मालावर जकात कायम राहते व त्यांनीं बाजारांत या दोघांशीं सामना करावयाचा असतो. जकातमाफीचा प्रत्येक लेख व्यापारवृद्धीचा पुरावा म्हणून उतरून घेण्याची जी संवय आपल्या लेखकांस आहे ती सोडली पाहिजे. माफी कोणास, किती काळ व कोणत्या बदल्यांत, हे तीन प्रश्न आधीं विचारावे आणि मग निष्कर्ष काढावा.

शिलाहारांच्या नंतरच्या वसाहतीची आठवण ‘महिकावतीची बखर’ या ग्रंथानें राखली आहे. राजवाड्यांनीं ती सन १९२४ मध्यें छापली. उजाड झालेल्या उत्तर कोंकणांत बिंब राजानें बाहेरून कुळें आणलीं, त्यांस गांव व वृत्ति वांटून दिल्या, अशी तिची कथा. तिच्यांतील सनावळी तपासून घ्यावी लागते. पण तिचा एक भाव खरा आहे. या किनाऱ्यावरील लोकांच्या स्मृतींत राजाचें पहिलें काम म्हणजे लढाई नव्हे, वस्ती करणें हें होतें.

५. फिरंगी अंमल आणि मुंबईचा धडा

गुजराथच्या सुलतान बहादुरशहानें सन १५३४ च्या डिसेंबरांत वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांस दिला. सन १५३६ पासून किल्ल्याचें काम सुरू झालें. पुढील दोनशें वर्षांत वसई हें उत्तर फिरंगाणाचें मुख्य ठाणें झालें. तटाच्या आंत उमरावांचे वाडे, मठ व देवळें उभीं राहिलीं. त्यांचे भग्न अवशेष आजही पाहणारास चकित करतात. परगण्याचें उत्पन्न काय, जकात कोठें किती, याची नोंद सिमाव बोतेल्यु यानें सन १५५४ च्या आपल्या तोंबांत करून ठेवली. अशी नोंद तत्कालीन देशी राज्यांतून क्वचितच आपल्या हातीं आली आहे, हें त्यांच्या पक्षीं सांगितलें पाहिजे. वसईचे शेतकरी व बागाइतदार, ज्यांतील पुष्कळांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे या सर्व वैभवाचा पाया होते. आणि राज्यें बदललीं तरी ते आपल्या वाड्या सोडून गेले नाहींत.

पण हें वैभव मुख्यत्वें जमिनीच्या खंडाचें होतें. गांवें उमरावांस व मठांस तोडून दिलेलीं. समुद्रावर जाणाऱ्या गलबतास ‘कार्ताज’ नांवाचा परवाना घेणें भाग, नाहींतर माल जप्त. सन १५६० मध्यें गोव्यास धर्मन्यायासन स्थापन झालें व त्याचा दरारा वसईपर्यंत पोंचला. खंड घेणाऱ्यास पेठेची गरज थोडी वाटते; आणि ज्यास आपल्या चालीनें अग्निसंस्कार होईल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, असा वाणी दुकान थाटतांना दहादां विचार करतो. सन १६७४ मध्यें मस्कतच्या अरबांनीं वसईवर घाला घालून लूट केली, तेव्हां तटाबाहेरच्या वस्तीस तटाचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

याच वेळीं दक्षिणेस, साष्टीपलीकडे, मुंबईचें बेट इंग्रजांच्या हातीं आलेलें होतें. सन १६६१ च्या विवाहाच्या करारानें तें इंग्लंडच्या राजाकडे, आणि सन १६६८ मध्यें कंपनीकडे गेलें. बेट दलदलीचें, हवा रोगट, पाठीमागें मुलूख नाहीं. वसईशीं तुलना केली तर निसर्गाचा सर्व कौल वसईच्या बाजूस होता. तरी गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर यानें व्यापाऱ्यांस बोलावण्याचा क्रम आरंभिला. सन १६७७ मध्यें दीव बंदरचा निमा पारख नांवाचा वाणी मुंबईस येण्यापूर्वीं अटी घालतो, आणि कंपनी त्या मान्य करते. घरासाठीं व वखारीसाठीं जागा फुकट. आपल्या धर्माप्रमाणें वागण्यास मोकळीक. आपल्या आवारांत कोणी जीवहत्या करूं नये. कोणास ख्रिस्ती होण्याची सक्ति नाहीं. आणि कोणास इच्छेविरुद्ध ओझें वाहावयास लावूं नये, असा त्यांचा आशय.

या अटी मराठी दप्तर वाचणाऱ्यास परक्या वाटणार नाहींत. शेवटची अट म्हणजे आपल्या कौलांतील ‘वेठबेगार माफ’ हेंच कलम. इंग्रजानें कांहीं नवीन शोधून काढलें नाहीं. या देशांतील व्यापाऱ्यास जें अभय हवें असतें तें त्यानें लिहून दिलें. निमा पारख पोर्तुगीजांच्या दीवचा होता, हेंही ध्यानांत ठेवावें. फिरंग्यांच्या बंदरांतला माणूस फिरंग्यांच्या वसईवरून पुढें गेला आणि मुंबईच्या चिखलांत उतरला. वसईची पेठ मुंबईनें तोफेनें घेतली नाहीं. ती अशा कागदांनीं घेतली.

६. बाजीपूर

सन १७३९ च्या मे महिन्यांत, शके १६६१ च्या वैशाखांत, वसईच्या किल्लेदारानें तहाचीं कलमें मान्य केलीं. शिबंदीनें सन्मानानें निघून जावें, ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं आपली चीजवस्त घेऊन जावें, जे राहतील त्यांच्या धर्मास उपद्रव होणार नाहीं, अशीं कलमें त्यांत होतीं. दोन वर्षांच्या कडव्या लढाईनंतर विजयी सेनापतीनें हीं कलमें दिलीं, ही गोष्ट विजयाइतकीच मोठी आहे. वसईच्या ख्रिस्ती बागाइतदारांच्या वाड्या आजवर त्यांच्या वंशजांकडे राहिल्या, त्याचें एक कारण हा तहनामा होय.

वसईस ‘बाजीपूर’ असें नवें नांव दिलें गेलें. शंकराजी केशव फडके याजकडे सुभा आला. अर्नाळ्याचा कोट पुन्हां बांधला गेला. त्याच्या दरवाजावरील शिलालेखांत बाजीरावाचें नांव आहे. पेशव्यांच्या आरमाराचा एक सुभा वसईस बसला. त्यामुळें सुतार, लोहार, दोरवाले, तांडेल व खलाशी यांस सरकारी काम मिळालें. मोहिमेंत ओसाड पडलेल्या गांवांची लावणी करणें व पेठ भरणें, हें पुढचें काम होतें.

या कामाचें मराठी राज्यांतील मुख्य साधन म्हणजे कौल. त्याचें स्वरूप तरुण संग्राहकांसाठीं येथें सांगणें अवश्य आहे. नवी पेठ वसवावयाची तर सरकार शेट्यास किंवा उद्यमी गृहस्थास कौल देई. अमुक वर्षेंपर्यंत नव्या दुकानदारांस मोहतर्फा व जकात माफ किंवा हलकी, मुदत सरल्यावर शिरस्त्याप्रमाणें, वेठबेगार नाहीं, येणाऱ्यांनीं निर्वेधपणें उदीम करावा, असा शब्द त्यांत असे. जो गृहस्थ माणसें जमवून पेठ भरी त्यास शेटेपणाचें वतन मिळे. पड जमिनीसाठीं ‘इस्तावा’ असे : पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल चढत चढत कांहीं वर्षांनीं पूर्ण आकार. ही योजना वरवर साधी दिसते. पण तींत सरकार आजचें उत्पन्न सोडून उद्याच्या वस्तीवर विश्वास टाकतें, आणि रयत सरकारच्या शब्दावर घरदार हालविते. म्हणून कौलाच्या कागदांत मजकुरापेक्षां शिक्क्यास अधिक मोल. शब्द मोडला तर माफी कितीही मोठी असो, दुसऱ्या कौलास कोणी येत नाहीं.

मग बाजीपूर मुंबईच्या तोडीस कां चढलें नाहीं? याचें उत्तर आम्हीं राज्यकर्त्यांच्या नीयतींत शोधीत नाहीं. तें सालावारींत आहे. सन १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें. सन १७७५ च्या मार्चांत रघुनाथरावानें सुरतेच्या तहानें वसई व साष्टी इंग्रजांस लिहून दिली. सन १७७६ च्या पुरंदरच्या तहानें वसई पेशव्यांकडे राहिली. सन १७८० च्या डिसेंबरांत जनरल गॉडर्डनें ती वेढा घालून घेतली. सन १७८२ च्या मेमध्यें सालबाईच्या तहानें ती पुन्हां मराठ्यांकडे आली, साष्टी मात्र कायमची गेली. साडेसात वर्षांत शहराचा धनी कोण, हा प्रश्न इतक्या वेळां उलटसुलट झाला. अशा ठिकाणीं सात वर्षांच्या माफीचा कौल घेऊन कोणता शहाणा माणूस भांडवल गुंतवील? कौल देणाऱ्याचा शिक्का पुढल्या सालीं चालेल कीं नाहीं, हेंच ठाऊक नाहीं.

इकडे मुंबईस सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया सन १७३६ च्या सुमारास येऊन राहिला होता व सन १७५० मध्यें तेथें सुकी गोदी झाली होती. वसईमागच्या जंगलांतील सागवान मुंबईच्या गोदींत जाऊं लागलें. झाड येथलें, जहाज तेथलें. कच्चा माल पुरविणारा गांव आणि पक्का माल करणारें शहर यांचें नातें तेव्हांपासून जें ठरलें तें फार काळ पालटलें नाहीं.

७. लोखंडी वाट

सन १८१८ नंतर युद्धाचें भय गेलें, पण त्याबरोबर आरमारही गेलें. किल्ल्याच्या आवारांत ऊस लावून साखरेचा कारखाना चालविण्याचा प्रयोग झाला. तो टिकला नाहीं. कलाटणी मिळाली ती आगगाडीनें. सन १८६४ मध्यें वसईच्या खाडीवरील पूल पुरा होऊन मुंबई-सुरत मार्ग जुळला. सन १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली. उषवदातानें जो किनाऱ्याचा मार्ग नावांनीं सांधला, तोच अठराशें वर्षांनीं लोखंडी पुलांनीं सांधला गेला.

स्टेशन किल्ल्यापासून दूर, पूर्वेस पडलें. तशी पेठही समुद्राकडे पाठ करून रुळांकडे सरकली. अगाशीचीं सुकेळीं, वसईचीं केळीं, फुलें, भाजी व विड्याचीं पानें गाडीनें मुंबईच्या बाजारास जाऊं लागलीं. बागाइतदारास सावकाराच्या व्याजांतून सोडविण्यासाठीं सन १९१८ मध्यें वसईच्या कॅथलिक समाजानें सहकारी पतपेढी काढली. तीच पुढें बॅंक झाली. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीची जी जात तीच हिचीही. गांवकऱ्यांनीं एकमेकांच्या शब्दावर भांडवल उभें करावें, आणि त्याची नोंद वहींत राहावी. पुढें वालीव, गोखिवरें या बाजूस लहान कारखान्यांच्या वसाहती उठल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईंत जागा न परवडणारा कारागीर व नोकरदार लाखांनीं इकडे आला. मुंबईनें अडीचशें वर्षें जें ओढून घेतलें त्याचा उलटा ओघ सुरू झाला. मात्र जो वसईंत राहतो व मुंबईंत कमावतो, त्यानें शहर वाढलें तरी पेठ वाढतेच असें नाहीं. वाट दोन्हीकडे नेते, हें जुन्या अनुभवावरून विसरतां येत नाहीं.

८. संग्राहकांस विनंति

वरील मांडणींत एक उणीव वाचकांस दिसलीच असेल. उषवदाताचा दगड आहे, अनंतदेवाचें तांबें आहे, निमा पारखाच्या अटी इंग्रजी दप्तरांत आहेत. पण वसईच्या पेठेचा आतला कारभार सांगणारे मराठी कागद त्या मानानें थोडे पुढें आले आहेत. सरदेसाईंनीं छापलेल्या पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस भागांत व वाडांनीं निवडलेल्या रोजनिशींत सरकारची बाजू सांपडते. शेट्याची, पाटलाची, बागाइतदाराची, तांडेलाची बाजू त्यांच्या घरांतच असावयाची. आणि तीं घरें आज पडत आहेत. जुना वाडा पाडून इमारत उठते तेव्हां माळ्यावरची पेटी रद्दीवाल्याकडे जाते. मोडी कोणास वाचतां येत नाहीं, पोर्तुगीज तर नाहींच. ज्या वाढीचा आपण विचार करीत आहों, तीच आपल्या वाढीचा इतिहास पुसत आहे.

म्हणून ज्यांस या प्रांतीं हिंडण्याचा प्रसंग येतो त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत धराव्या. मोठ्या नांवांचीं पत्रें तर जपावींच. परंतु इस्ताव्याचे तक्ते, जकातीचे झाडे, नावेच्या उताऱ्याचे हिशेब, मिठागरांचीं टिपणें, गलबतांचे दस्तक व दुकानांच्या वह्या या क्षुल्लक वाटणाऱ्या कागदांस हात लावल्याशिवाय परतूं नये. कागद कोणत्या गांवीं व कोणत्या रुमालांत मिळाला, तें आधीं लिहावें, मग नक्कल करावी. शिक्का, मोर्तब व पाठीवरील शेरा सोडूं नये.

तारखांविषयीं विशेष जपावें. वसई घेतली तें सुहूर सन तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३९ होय. मृग लागतांच अर्बैन, म्हणजे ११४०, सुरू झालें. तेव्हां नव्या अंमलांतील वसाहतीचे पहिले कौल बहुधा अर्बैन व त्यापुढील सालांचेच असावयाचे. ज्या कागदावर हीं सालें असतील तो प्रथम उचलावा. त्या काळच्या इंग्रजी पत्रांतील तारीख पोर्तुगीज तारखेहून अकरा दिवस मागें असते, कारण इंग्रजांनीं नवें पंचांग सन १७५२ मध्यें स्वीकारलें. हा फरक न कळल्यानें एकाच गोष्टीच्या दोन गोष्टी झाल्याचीं उदाहरणें आहेत.

वसई प्रांतांतील शेटे, देशमुख, देशपांडे, पाटील व बागाइतदार यांच्या घरीं, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, असे कागद असल्यास त्यांनीं ते विकूं नयेत, जाळूं नयेत, निदान नक्कल करूं द्यावी, अशी आमची नम्र विनंति आहे. एक जरी कौल शिक्क्यासह हातीं लागला, तरी बाजीपुरच्या पेठेस काय शब्द दिला गेला व तो किती वर्षें पाळला गेला, हें अनुमानावर न ठेवतां लेखावरून सांगतां येईल.